समुद्राचं ताक

"अरं, वर या कुणीतरी! समुद्राचं ताक झालं की रं!"

अक्कांचा आवाज पहिल्या मजल्यावरून निघाला, जिन्यात दोनदा आपटला आणि खाली माझ्या भटारखान्यात आला, तेव्हा दोनशे पानांचा भात शिजत असलेल्या पातेल्याचं झाकण उडालं. झाकण वाफेनं उडालं असं म्हणणारे लोक आहेत. ते तिथं नव्हते, मी होतो. अक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, वजन शेवयांच्या पुड्याइतकं. पण आवाज असा की राजारामपुरीतून हाक मारली तर उद्यमनगरातली लेथ मशीनं थांबावीत.

मी एका ढांगेत तीन पायऱ्या घेत वर गेलो.

वरच्या सोप्यात, म्हणजे बैठकीच्या खोलीत, सहा फूट लांबीची काचेची टाकी होती. एरवी तिच्यातलं पाणी इतकं नितळ असायचं की नवा पाहुणा आत पाणी नाहीच म्हणून पैज मारायचा. त्या टाकीत आता या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरंफेक ताक. वरचे निळे दिवे तसेच चालू, त्यामुळं ते ताक आतून पेटल्यासारखं दिसत होतं. त्या ताकात कुठंतरी बावीस पोवळी होती. जिवंत. म्हणजे सकाळपर्यंत तरी.

अक्का फोन कानाला लावून उभ्या होत्या. पलीकडं त्यांचे धाकटे भाऊ, मुरगूडला, लांबच्या भाच्याच्या लग्नात. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची. अक्का एकट्या 'तम्मा' म्हणायच्या. भावाशी त्या कन्नडमधूनच बोलत. मला कन्नड जेवणापुरतं कळतं, त्यामुळं त्या भडिमारातला एकच शब्द माझ्या हाती लागला: 'सुण्णा'. सुण्णा म्हणजे चुना. तो ऐकला आणि मी जिन्याकडं बघितलं. का बघितलं ते सांगतो. पण आधी अण्णा सांगायला पाहिजेत, नाहीतर मी काय करून ठेवलं होतं ते कळायचं नाही.

अण्णा माझे घरमालक. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं उसाच्या रसाचा पीएच मोजला. म्हणजे रस किती आंबट आणि त्यात चुना किती घालायचा, ते सांगायचं. ही सवय हाडात मुरली होती. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा आला की हा माणूस खिशातून कागदाची पट्टी काढून आधी मठ्ठ्यात बुडवायचा. एकदा माझ्याच पंगतीत बुडवली आणि मोठ्यानं म्हणाले, "साडेचार. वाढा." त्या दिवसापासून माझा मठ्ठा सरकारमान्य असल्याचा बोभाटा झाला, तो मी आजवर खोडून काढलेला नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात. अण्णा समुद्र करायला बसले. कोल्हापूरला समुद्र नाही म्हणून तोवर कुणाचं अडलं नव्हतं, ह्यांचं अडलं. गाळून-गाळून बेचव केलेलं पाणी घ्यायचं, त्यात समुद्री मिठाची पोती घोळवायची, आणि काटा बरोबर आकड्यावर येईपर्यंत पिंपाभोवती प्रदक्षिणा घालायच्या.

मी एकदा म्हणालो, "अण्णा, घाट उतरला की रत्नागिरी. एक टँकर मारून आणू की."

अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. "त्या समुद्राचा रिपोर्ट कुणी बघितलाय?"

पोवळं म्हणजे अंगठीतला तांबडा खडा, एवढंच मला ठाऊक. अण्णांनी माझं डोकं काचेला टेकवून धरलं आणि दाखवलं. "अंगठीतलं मेल्यालं असतंय. ह्ये जित्तं हाय. ह्यो दगुड दिसतोय न्हवं, ह्ये घर. आत टाचणीच्या डोक्याएवढी जनावरं ऱ्हात्यात, हजारांनी. सोताचं घर सोता बांधत्यात. त्येला चुना लागतोय. चुना कमी पडला की घर थांबलं, जास्त झाला की जनावर खलास." आपल्या समुद्रातलं पोवळं काढणं हा गुन्हा, अण्णांची सगळी पोवळी परदेशात टाकीत वाढवलेली, रीतसर परवान्यावर आलेली. तो परवाना फ्रेम करून देवाच्या फोटोशेजारी टांगला होता आणि अक्का दोघांनाही हळदकुंकू लावत.

टाकीपायी घराचे कायदे बदलले होते. वर उदबत्ती नाही, डासांची कॉइल नाही, भिंतीला रंग नाही. आणि माझ्या भाडेकरारात वकिलाकडून घालून घेतलेलं एक कलम: तांबड्या रश्शाची फोडणी देण्यापूर्वी वर फोन करावा. मी फोन केला की वर सगळ्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. गल्लीतल्या बायका तो आवाज ऐकून म्हणायच्या, आज मटणाची ऑर्डर दिसतीय.

ह्या सगळ्या संसारात एक पोवळं लाडकं होतं. फांद्याफांद्यांचं, हरणाच्या शिंगासारखं. नखाएवढा तुकडा आणला होता, नऊ वर्षांत तो माझ्या ओंजळीएवढा झाला. पण मधे काय बिनसलं कुणास ठाऊक, त्याचा रंग गेला. तपकिरीच्या डबीसारखं झालं. अण्णांनी दोन वर्षं त्याच्यापायी काय काय केलं! दिवे वर घेतले, खाली घेतले. पाण्यातला कचरा मोजून कमी केला, मग फार कमी झाला म्हणून मोजून वाढवला. एका आठवड्यात एकच गोष्ट बदलायची, आणि ती वहीत लिहायची. मी म्हणायचो, रंगासाठी बाजारात काय मिळत असेल तर घाला की चमचाभर. "रंग लावायचा नसतोय," अण्णा म्हणायचे, "यिऊ द्यायचा असतोय."

आणि लग्नाच्या आधी दोन महिने रंग आला. जांभळा. नुसता जांभळा नव्हे. बुंध्याला वांगी जांभळा आणि फांदीच्या टोकाला निळी ठिणगी. कबनूरहून यंत्रमागवाले पाहुणे आले होते, त्यांनी काचेला नाक लावलं ते सोडेनात. शेवटी एकानं विचारलं, "ह्या शेडचा धागा कुठं मिळंल?" अण्णा म्हणाले, "दोन वर्षं थांबायची तयारी हाय?" ते पाहुणे पुढं तीन दिवस राहिले. मी तर म्हणतो त्यातला एक अजून गेलेला नाही, पण ते सोडा.

आता मी ह्यात कसा आलो? वरचं घर कडक शाकाहारी. अंडं उंबरा ओलांडत नाही. आणि टाकीतले दगड मात्र मांसाहारी! आठवड्यातून दोनदा त्यांना कोळंबीचा चुरा लागायचा, मोहरीएवढा. तो आणायचा मी, माझ्या भटारखान्यात बारीक करायचा मी, माझ्याच फ्रीजमध्ये ठेवायचा मी. अण्णा चिमट्यानं तो घेऊन जिना चढत, तोंड वळवून, नाक धरून, विंचू धरल्यासारखे. अक्कांना सांगितलं होतं की झाडांचं खत आहे. अशी दोन माणसं एका कोळंबीत अडकली की त्यांच्यात जो विश्वास तयार होतो, तो सख्ख्या भावांत नसतो. म्हणून मुरगूडला दोन दिवस जाताना त्यांनी टाकी माझ्यावर सोडली.

सूचना अर्धा तास चालल्या. मुख्य सूचना चुन्याची. टाकीशेजारी उंच स्टुलावर एक पिंप असायचं. त्यात चुना घालून रात्रभर ठेवायचं. चुना तळाला बसतो, वर काचेसारखी निवळी राहते. ती निवळी दवाखान्यातल्या सलाईनच्या नळीतून टाकीत थेंब थेंब सोडायची. दिवसभर. टाकीला सलाईन लावलंय म्हणून गल्लीतली माणसं तब्येत विचारायला यायची.

"वरची निवळी जायाला पायजे," अण्णा म्हणाले. "तळ हलवायचा न्हाय."

"न्हाय हलवत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो. पिंपात बघतो तर वर नुसतं पाणी, सगळा माल तळाला. आता माझी बाजू ऐका. वीस वर्षं मी पंगती वाढतोय. आमच्या धंद्यात एकच पाप आहे: न ढवळता वाढणं. वरवरचं पाणी पाहुण्याच्या वाटीत आणि फोडी पातेल्याच्या बुडाला, असं ज्यानं वाढलं त्याला पुन्हा कुणी बोलावत नाही. सूचना मला पाठ होती. डोकं म्हणत होतं तळ हलवायचा नाही. पण हाताला कोण सांगणार? हातात ओगराळं होतं. कधी आलं ठाऊक नाही. मला वाटलं, बिचारी पोवळी कालपासून पाण्यावरच आहेत. घरमालक गावाला गेलाय म्हणून उपाशी ठेवायची?

तळापासून ढवळलं. घट्ट दूध झालं. सलाईनची नळी लगेच चोंदली. मग, शपथेवर सांगतो, फक्त चार ओगराळी. थेट टाकीत. पलीकडं देवापुढं अक्का जप करत होत्या, त्यांनी मान वळवून बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले. मी पुण्य केल्याच्या आनंदात खाली येऊन भात चढवला. आणि तासाभरानं ते ताक.

तर अक्कांनी बोलणं संपवून फोन माझ्या हातात दिला. मागं बँड वाजत होता. अण्णांचा आवाज मात्र प्रयोगशाळेतला.

"मीटरवर काय दिसतंय?"

पेनासारखं मीटर बुडवलं. "नऊ पॉइंट एक."

सव्वाआठ-साडेआठच्या मधे असायला पाहिजे, हे मलाही पाठ होतं.

"पंप चालू हायत?"

"हायत."

"बंद करू नका. पिंपाची नळी काढा. आनी पळत जावा, सोडा आना."

"खायचा? खाली हाय की किलोभर."

"त्यो घातलासा तर उरल्यालंबी मरंल!" अण्णांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. "प्यायचा! बाटलीतला! बिनसाखरेचा, बिनमिठाचा. त्यातल्या वायूनं पीएच खाली येतोय. पाच बाटल्या, मोठ्या टाकीखालच्या बारक्या टाकीत, जितं पंप पानी वढतोय तितं. हळू वता. मग पंधरा मिनिटं हात लावायचा न्हाय. मी निघालो."

कोपऱ्यावर गोटीसोड्याची गाडी लागायची. तिथवर मी किती सेकंदात पोचलो ते सांगत नाही, कारण विश्वास बसणार नाही.

"वीस बाटल्या!"

गाडीवाल्यानं लिंबू कापायला घेतलं. "गोड का खारा?"

"लिंबू न्हाय, मीठ न्हाय, मसाला न्हाय. नुस्ता सोडा."

"मग पिनार कोन?"

"समुद्र."

गाडीवाला कोल्हापूरचा. त्यानं चाकू खाली ठेवला, क्रेट खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "चला, बघू तरी."

पहिल्या पाच बाटल्या ओतल्या. तो फटाफट गोट्या आत ढकलत होता, मी धारेला धार लावून ओतत होतो, अक्का घड्याळ घेऊन बसल्या होत्या. पंधरा मिनिटं. टाकीच्या खाली, वर, मागं पंप गुरगुरत होते आणि आम्ही तिघं त्या पांढऱ्या काचेकडं बघत होतो. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, हे सगळ्यात वाईट होतं. मी मनातल्या मनात त्या जांभळ्या पोवळ्याला जागेवर शोधत होतो. डाव्या कोपऱ्यात, उंच दगडावर.

आठ पॉइंट नऊ.

"अजून पाच," अक्का म्हणाल्या. त्यांना लिहावाचायला यायचं नाही, पण आकडा नको तिथं आहे हे कळायला लिहावाचायला यावं लागत नाही.

दुसऱ्या पाच बाटल्यांनंतर आठ पॉइंट सात. ताक विरळ होऊन आता पन्ह्यासारखं झालं होतं आणि खाली पांढरा बर्फ पडल्यासारखा थर बसत होता. त्या धुक्यातून एकेक आकार वर यायला लागला. गोल मेंदूसारखं पोवळं अंग चोरून सुपारीएवढं झालेलं. बशीसारखं एक होतं, त्याच्यावर चुन्याचा ढीग. आणि डाव्या कोपऱ्यात शिंगं. जांभळी होती.

तेवढ्यात खाली मोटरसायकल थांबली. मुरगूडहून एरवी सव्वा तासाची वाट, अण्णा पाऊण तासात दारात उभे. डोक्याला लग्नाचा फेटा, कपाळाला अक्षता चिकटलेल्या, धूळ इतकी की अर्धा रस्ता अंगावर घेऊन आले होते. मीटर घेतलं, बुडवलं, बघितलं. कायम तयार ठेवलेलं समुद्राचं पाणी दुसऱ्या पिंपात होतं. जुनं काढत, नवं घालत, तळाचा चुना नळीनं ओढून काढत तासभर राबले. मी बादल्या वाहिल्या. आणि बादल्या वाहताना माझं तोंड चालू झालं. ते आपोआप होतं.

"पाल पडली, अण्णा. पिंपात. एवढी!"

"हं."

"तिनं शेपटीनं सगळा चुना ढवळला. मी धरायला गेलो तर पिंप कलंडलं."

"कवढी म्हनालासा?"

"वीतभर. म्हंजे हातभर. डोळं असं लाल."

"मग गेली कुटं?"

"खिडकीतनं. खिडकी बंद हुती, तरीबी."

"हं," अण्णा म्हणाले, आणि बादली पुढं केली. मला वाटलं, पचलं.

मग त्यांनी डाव्या कोपऱ्याला बॅटरी मारली आणि हलायचेच थांबले. बुंध्यापाशी जांभळी साल सुटली होती. पाण्याच्या धारेबरोबर तिचं लक्तर हलत होतं, आणि खाली नुसता पांढरा दगड. आम्ही बघत असताना ते पांढरं वर चढत होतं. खोटं सांगत नाही. ह्या एका ठिकाणी मला वाढवून सांगायची गरज नाही. नखभर, मग दोन नखं.

"टोकापत्तुर जाईल," अण्णा म्हणाले. "तासात."

"मग?"

"त्याच्या आधी टोकं तोडायची. जितं अजून जीव हाय तितनं. येगळ्या दगडावर चिकटवायची. लागली तर लागली." त्यांनी ड्रॉवरमधून कात्रीसारखी पक्कड काढली. त्यांचा हात बघितला. तीस वर्षं थेंब मोजलेला हात, आणि तो चाळणीसारखा हलत होता. त्यांनीही बघितला. मग पक्कड माझ्यापुढं धरली.

"तुमी कापा."

"मी?"

"तुमचा हात कांद्यावर बसलाय. बोट दाखवतो तितं. एका फटक्यात. चिरडलं की गेलं."

खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. त्या हाताच्या मालकानं आजवर टनावारी कांदा चिरलाय, पण असा घाम कधी फुटला नव्हता. अण्णा काचेच्या बाहेरून बोट टेकवत. मी पक्कड लावत असे. कट्ट. तुकडा अक्कांच्या तळहातावर, तिथून अण्णांच्या हाती, बुडाला गोंदाचा ठिपका, दगडावर दाबून मनातल्या मनात वीस आकडे. सोडागाडीवाला बॅटरी धरून उभा. पाचवं टोक तोडलं तेव्हा साल सुटत सुटत त्याच्यापर्यंत आलीच होती. ते अक्कांच्या हातात पांढरं झालं. अक्का म्हणाल्या, "येल्ला होयतु, तम्मा?" सगळं गेलं का, बाळा? अण्णांनी ते टोक त्यांच्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं.

चार टोकं लागली. उरलेलं नऊ वर्षांचं झाड संध्याकाळपर्यंत हाडासारखं पांढरं झालं. माझ्या दोनशे पानांचा भात करपला तो वेगळाच, पण तो कोण मोजतंय.

पुढचे तीन दिवस मी रोज वर जात होतो आणि रोज पालीबद्दल थोडं थोडं सांगत होतो. पहिल्या दिवशी चारपैकी एक टोक पांढरं झालं. दुसऱ्या दिवशी आणखी एक. अण्णा मीटर बुडवायचे, आकडा वहीत लिहायचे, स्टूल ओढून बसायचे. मला एक शब्द बोलले नाहीत. म्हणजे 'बसा' म्हणत, 'च्या घ्या' म्हणत, पण त्याबद्दल एक शब्द नाही. आरडाओरडा केला असता तर मला परवडलं असतं. आरडाओरड्याला मी तोंड देऊ शकतो, ते माझं खाणं आहे. हे असं गप्प बसलेलं माणूस मला झेपत नाही. भांडी आवरताना, झोपताना, दाढी करताना मला ते लक्तर हलताना दिसायचं.

चौथ्या दिवशी सकाळी गेलो तर अण्णा काचेला नाक लावून बसलेले. मी शेजारी बसलो. उरलेल्या दोन टोकांपैकी एक फिकट, सांगता येत नव्हतं. दुसऱ्याच्या अंगावर मात्र केसासारखी बारीक लव बाहेर आली होती आणि पाण्याबरोबर हलत होती. टोकाला निळी ठिणगी.

"ते बाहेर आलं म्हंजे जगलं न्हवं, अण्णा?"

"आज जगलं."

मला राहवेना. "अण्णा, पाल न्हवती. मीच ढवळलं हुतं. तळापासनं. आनी वर चार ओगराळी वाढली."

अण्णांनी काचेवरून नजर काढली नाही.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "अक्का फोनवर पैलं त्येच बोलली हुती. जरा सरका, उजेड अडतोय."